समिंदरातली बाव

माझ्या नवऱ्याला प्रवास सोसत नाही. रोह्याहून पेणला जायला एसटीत बसलो की नागोठणं यायच्या आत त्याच्या हातात पिशवी द्यावी लागते. अशा माणसाला त्याच्या कंपनीने पंचवीस वर्षांच्या नोकरीचं बक्षीस म्हणून क्रूझची तिकिटं दिली. दोघांची, मुंबईहून लक्षद्वीप आणि परत, मध्ये एक दिवस बेटावर उतरायचं. मी आधी पोट धरून हसले. मग लक्षात आलं की हा गेला नाही तर मलाही घरीच बसावं लागणार, आणि हसू आटलं. दोन दिवस मी स्वयंपाकघरात भांडी जरा जोरातच ठेवत होते. तिसऱ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला की माझ्याऐवजी तुझ्या आईला ने.

हे मला सुचलंच नव्हतं. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. पेणच्या खारेपाटात, आमच्या गावी एकटी राहायची. एक गुडघा कामातून गेलेला, पण आवाज ठणठणीत. तिचा आवाज ही गावची सोयच आहे. पाण्याचा टँकर आला की ती आमच्या ओट्यावरून हाक मारते आणि पार टोकाच्या आळीतल्या बायका हंडे घेऊन धावत सुटतात. तिला मी फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं, जहाज, खोली, जेवण, निळं पाणी. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं की समुद्रात जायचं आणि परत यायचं, तर मग जायचं कशाला. मी म्हटलं, अगं एक दिवस बेटावर उतरवतात, चांगलं नारळाच्या झाडांचं बेट आहे, माणसं राहतात तिथे.

 

"मंग येते मी," आई म्हणाली. "तुझ्या बापाची बाव बघायची हाय मना. हाय का नाय, एकदाचा निकाल लागू दे."

बाव म्हणजे विहीर. या एका विहिरीवरून माझ्या आईवडिलांचं चाळीस वर्षं वाजलं होतं, म्हणजे वाजत होती ती आई, बाबा नुसते ऐकायचे.

आमच्या गावाला तिन्ही बाजूंनी खाडी आहे. खाडी आणि भातशेती यांच्यामध्ये मातीचा बांध, आणि बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरून दोन-तीन वर्षं पीक नाही. म्हणजे सगळीकडे पाणीच पाणी, पण प्यायला नाही. विहीर खणली तर मचूळ पाणी लागतं. गावचं तळं होळीपर्यंत पुरतं, पुढे टँकर. आमच्याकडे पाहुणा पेढे घेऊन आला नाही तर कोणी काही म्हणत नाही, पण पेणहून येताना पाण्याचा कॅन घेऊन आला तर त्याला ओट्यावर चटई टाकतात आणि कालवणातली मोठी तुकडी त्याच्या ताटात पडते. लहानपणी मला वाटायचं सगळ्या जगात पाहुणे असेच पाणी घेऊन येतात. रोह्यात लग्न होऊन गेल्यावर मी नणंदेकडे पहिल्यांदा कॅन घेऊन गेले, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो परत घरी घेऊन आले.

बाबा लग्नाआधी तीन वर्षं गलबतावर खलाशी होते. मंगळूरहून कौलं भरून गलबत वर यायचं. एकदा तांडेलाने, म्हणजे गलबताच्या कप्तानाने, मंगळूरहून तांदूळ भरून एका बेटावर नेला आणि वारा फिरल्यामुळे त्यांना तिथे अकरा दिवस राहावं लागलं. बाबा सांगायचे की त्या बेटावर समुद्रापासून वीस पावलांवर विहीर आहे, छातीएवढीच खोल, आणि तिचं पाणी गोड आहे. पाऊस वाळूत मुरतो आणि खाऱ्या पाण्याच्या वर राहतो. खाली खारं, वर गोड. बाबा हे एखाद्या वेळीच सांगायचे आणि तेही इतक्या हळू की शेजारी बसलेल्यालाच ऐकू जावं. आई लगेच म्हणायची, "झाली सुरू. समिंदरात गोड बाव." आणि सगळे हसायचे. पुढे पुढे घरात कोणतीही थाप म्हणजे 'समिंदरातली बाव' झाली. मी गणितात पास झाले असं सांगितलं की आई म्हणायची, ही पण समिंदरातलीच काय गो? नंतर शेजाऱ्यांनी ते उचललं आणि मग गावाने. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात म्हणतात. आमच्या घरात न बोलणाऱ्याचे आंबे तसेच पडून राहायचे.

एकदाच बाबांनी ते खरं करून दाखवायचा प्रयत्न केला. मी नऊ वर्षांची होते. पावसाळा संपता संपता त्यांनी घरामागे, जरा उंचवट्यावर, दोन गड्यांना घेऊन खणायला घेतलं. कमरेएवढं खणलं तेव्हा पाणी लागलं. बाबांनी ओंजळीत घेऊन चाखलं, मलाही चाखवलं. मला ते आठवतं. चिखलाचा वास होता, पण मीठ नव्हतं. बाबा गड्यांना म्हणाले, बास, हिथंच थांबू. तेवढ्यात आई आली, काठावर उभी राहिली आणि म्हणाली की एवढ्याशा पाण्यात चिमणी तरी भिजेल का, पुरुषभर तरी खणा, गाव हसेल. बाबा पुन्हा काहीतरी म्हणाले. ते गड्यांना ऐकू गेलं नाही, आईचं ऐकू गेलं. तीन दिवसांनी विहीर पुरुषभर खोल झाली आणि पाणी असं मचूळ झालं की म्हशीने तोंड लावून मान फिरवली. गाव हसलंच. पुढच्या पावसाळ्यात तो खड्डा आपोआप बुजला. बाबांनी परत फावडं उचललं नाही, आणि गोड विहिरीबद्दलही नंतर फारसं बोलले नाहीत.

माझा बाबांवर विश्वास होता. पण मी तसं कधी म्हटलं नाही. घरात ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूला राहणं सोयीचं असतं, हे मुलांना फार लवकर कळतं. बाबा गेले त्यालाही आता सहा वर्षं झाली होती.

तर आई यायला तयार झाली आणि माझा आनंद पोटात मावेना. मी रोह्यात एक उन्हाची टोपी घेतली, एक गॉगल घेतला आणि आईसाठी पट्ट्याच्या चपला घेतल्या. निघायच्या दिवशी पेणला ती माझी वाट बघत उभी होती. नऊवारी लुगडं, हातात कापडी पिशवी, आणि पायाशी पाच लिटरचा पाण्याचा कॅन. मी विचारलं हे काय. ती म्हणाली की पहिल्यांदा कुणाच्या गावी जायचं तर हात हलवत कसं जायचं? आणि चारी बाजूंनी समुद्र असलेल्या माणसांना पाण्याइतकं दुसरं काय लागत असणार? मी म्हटलं, आई, हा पाहुणचार आहे की बाबांना टोमणा आहे? तिने पदर खोचला आणि कॅन उचलून गाडीत ठेवला.

बंदरावर तपासणीच्या ठिकाणी तो कॅन अडला. गणवेशातल्या माणसाने विचारलं आत काय आहे. आई म्हणाली पाणी. त्याने हिंदीत समजावलं की जहाजावर पाणी मिळतं. आईने मराठीत समजावलं की हे जहाजावरच्यांसाठी नाहीच, बेटावरच्यांसाठी आहे. तो माझ्याकडे बघायला लागला. मी मान खाली घातली, कारण मागे दीडशे माणसांची रांग होती. मग आईने झाकण काढलं, त्याच्यासमोर तोंड वर करून दोन घोट प्यायली आणि कॅन त्याच्यापुढे धरून म्हणाली, तू पण पी. बिचाऱ्याने कुणाला तरी फोन लावला, कॅनवर एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आणि हात जोडले.

जहाज! मी पन्नाशीला आलेली बाई, पण पहिला पूर्ण दिवस मी सातव्या मजल्यापासून अकराव्या मजल्यापर्यंत नुसती वरखाली करत होते. वर पोहायचा तलाव. आई काठावर उभी राहून मला म्हणाली, समुद्रात तळं बांधलंय, आणि त्यात माणसं कपडे काढून बसल्यात. जेवणाच्या ठिकाणी सत्तर प्रकार मांडलेले होते, आईने त्यातून भात आणि वरण शोधून काढलं आणि माशाच्या एका पदार्थाला वास घेऊन नापास केलं. मी मात्र सगळं खाल्लं. मला नावं माहीत नसलेल्या तीन गोष्टी मी दोनदा घेतल्या. नवऱ्याला फोटो पाठवला, तर त्याने लिहिलं की फोटो बघूनच मळमळतंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून पडदा सरकवला आणि ओरडलेच. समोर बेट होतं. पाण्याचा रंग मला सांगता येणार नाही. पोपटी म्हणावं तर पोपटी, निळा म्हणावं तर निळा, आणि मध्ये फेसाची एक पांढरी रेघ, तिच्या आत पाणी ताटातल्यासारखं स्थिर. पलीकडे नारळीची झाडं आणि त्यांच्या मागे एक मशिदीचा मिनार. आई खिडकीला नाक लावून उभी होती. मी म्हटलं, बघ गं, बघ. ती म्हणाली, "झाडं तर हायत. झाडं कशावर जगतात?" म्हणजे ती हिशेब मांडायला लागलीही होती.

आणि तेवढ्यात छतातल्या स्पीकरवर सूचना आली. बाहेर लाटा जास्त आहेत, जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या होड्यांतून जावं लागतं, तेव्हा उतरायचं की नाही ते दहा वाजता सांगू. बेटावर उतरायचा दिवस हा एकच. संध्याकाळी जहाज मुंबईकडे वळणार.

ते दोन तास मी विसरणार नाही. मी पाच वेळा खाली जाऊन विचारून आले. आई कॅन मांडीवर घेऊन खोलीत बसून राहिली होती. मला एकदम भीती वाटली की इथपर्यंत येऊन, ते बेट डोळ्यांनी बघून, हिला तसंच परत जावं लागलं तर ती मरेपर्यंत म्हणत राहील की बाव नव्हतीच. आणि माझ्यात 'होती' म्हणायची हिंमत यायची नाही, कारण मी तरी कुठे बघितली होती. मी मनातल्या मनात आमच्या गावदेवीला नारळ बोलले. समोर लाखभर नारळ दिसत असताना नारळ बोलणारी मी एकटीच असेन.

दहाला परवानगी मिळाली. खाली जहाजाच्या कुशीत एक दार उघडलेलं होतं, बाहेर लोखंडी फळी, आणि फळीशी बेटावरची लाकडी होडी. होडी लाटेबरोबर कमरेएवढी वर यायची आणि तेवढीच खाली जायची. शहरातली माणसं किंचाळत होती. दोघं-तिघं परत फिरली. दारातल्या अधिकाऱ्याने आईचा लंगडा पाय पाहिला, तिचं वय विचारलं आणि मान हलवली. या आजी नाही जाऊ शकणार. त्यांना इथेच थांबू द्या, वर चहा छान मिळतो. मी इंग्रजी, हिंदी, मराठी सगळं एकत्र करून विनवण्या केल्या. तो सभ्यपणे नाही म्हणत राहिला.

आईने तोवर नव्या चपला काढून पिशवीत टाकल्या होत्या. लुगड्याचा काचा घट्ट केला, मला म्हणाली, कॅन तू धर. धरमतरच्या खाडीवर पूल व्हायच्या आधी ही बाई डोक्यावर भाताचं गाठोडं घेऊन, गुडघाभर चिखलातून होडीत चढायची, हे त्या अधिकाऱ्याला कुठून माहीत असणार. ती फळीच्या टोकाला जाऊन उभी राहिली. होडी वर आली, खाली गेली. पुन्हा वर आली, खाली गेली. आई नुसती बघत होती. अधिकारी पुढे झाला. तिसऱ्यांदा होडी वर येऊन क्षणभर थांबली आणि आईने पाय टाकला. रस्त्यावरून आमच्या ओट्यावर यावं तशी ती होडीत गेली आणि खाली बसली. होडीवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. पडले ती मी. चांगली पन्नास वर्षांची चाकरी केलेल्या दोन गुडघ्यांवर, कॅनसकट. त्या अधिकाऱ्याकडे बघायचं मला धाडस झालं नाही.

ती पांढरी रेघ ओलांडून आत गेल्यावर होडी हलायची थांबली. खाली सगळा तळ दिसत होता, पिवळे मासे, काळे मासे, होडीची सावली. मी हात पाण्यात सोडला. आईनेही सोडला, मग बोट चोखलं. "खारं," ती समाधानाने म्हणाली.

किनाऱ्यावर पाय ठेवल्यावर मला रडूच आलं. असं काही बघायला मिळेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं. वाळू पिठासारखी पांढरी होती. लोकांना शहाळी दिली, खुर्च्या दिल्या, काही जण पोहायला गेले. मलाही जायचं होतं, पण आई तोवर कॅन घेऊन चालू लागली होती. आम्हाला घेऊन आलेल्या वाटाड्याला तिने माझ्याकरवी पहिलाच प्रश्न विचारला की इथे पाणी कुठलं पिता. तो अभिमानाने म्हणाला की समुद्राच्या पाण्यातलं मीठ काढायचं मशीन आहे, नळ आहेत, काही काळजी नको. मी ते मराठीत सांगितलं. सांगताना माझा आवाज बारीक झाला.

"मशीनचं," आई म्हणाली. एवढंच. पण तिचा चेहरा मी बघितला, आणि मला वाटलं होतं तसा तो खुललेला नव्हता. जिंकलेल्या माणसाचा नव्हता तो. ती एकदम थकल्यासारखी दिसली, आणि मग माझ्या लक्षात आलं की ही एवढ्या लांब हरायला आली होती.

मी वाटाड्याचा पिच्छा सोडला नाही. जुनी विहीर, पुरानी, मशीन येण्याआधीची? तो म्हणाला, ती तर घराघरात आहे, पण आता कोण पितं, धुण्याला वापरतात. काही खाऱ्या पण झाल्यात. एक बाई आहे, ती अजून विहिरीचंच पिते, मशीनच्या पाण्याला चव नाही म्हणते.

ते घर आम्ही उतरलो तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानेच तीन मिनिटांवर होतं. अंगणात पांढरी वाळू झाडून घेतलेली, मासे वाळत घातलेले. आईच्याच वयाची बाई, डोक्यावरून ओढणी, बाहेर आली. तिला थोडी हिंदी येत होती, आईला त्याहून थोडी. आईने कॅन दोन्ही हातांनी पुढे केला आणि म्हणाली, आमच्या गावचं, तुमच्यासाठी. त्या बाईने झाकण उघडून वास घेतला, पाणी आहे हे बघितलं, आणि हसली नाही. हे मला फार आवडलं. तिने तो कॅन घरात नेला, पाणी कळशीत ओतून घेतलं, पेला भरून आणला, आमच्यासमोर उभी राहून पेलाभर पाणी प्यायली आणि म्हणाली, "अच्छा है." 

मग तिने आम्हाला घरामागे नेलं.

विहीर होती. पांढऱ्या दगडांनी बांधलेली, माझ्या दोन हातांच्या कवेत मावेल एवढी. छातीएवढीच खोल. झाडांच्या पलीकडे समुद्र दिसत होता. आईने माझ्याकडे पाहिलं आणि विहिरीकडे पाठ करून, लंगडत, समुद्राच्या दिशेने पावलं मोजत निघाली. ओल्या वाळूपर्यंत गेली आणि परत आली. "सव्वीस," ती म्हणाली. "त्यांचे पाय लांब व्हते."

काठावर दोरी बांधलेली बादली होती. आईने ती घेतली आणि विहिरीत सोडली. आमच्या गावच्या तळ्यावर पाणी भरताना वर शेवाळ आणि पाचोळा असतो, म्हणून हंडा जोर देऊन खाली दाबायचा आणि तळचं स्वच्छ पाणी घ्यायचं, असा तिच्या हाताला साठ वर्षांचा सराव. तिने दोरीला हिसका दिला, बादली डुबुक करून तळाला गेली, तिने ती भरून वर ओढली आणि ओंजळ तोंडाला लावली.

ती चूळ तिने वाळूत टाकली. मीही चाखलं. मचूळ. आमच्या घरामागच्या खड्ड्यातलं असावं तसंच.

  मी मनात म्हटलं, बाबा, तुम्ही तेव्हा तरुण होतात, तहान लागली असेल, गोड लागलं असेल.

ती बाई मात्र गालात हसत होती. तिने आईच्या हातातून दोरी हळूच काढून घेतली, बादली बाजूला ठेवली आणि भिंतीला टेकवलेली एक लांब काठी आणली. तिच्या टोकाला पत्र्याचा छोटा डबा आडवा बांधलेला होता. थोडा वेळ ती तशीच थांबली, हाताने आम्हालाही थांबायची खूण केली. पाणी हलायचं थांबलं. मग तिने काठी खाली सोडली, डबा पाण्याला नुसता टेकवला, आणि दुधावरची साय काढावी तसं वरचं पाणी घेतलं. "धीरे," ती म्हणाली. "ऊपर का. नीचे नमकीन."

आई प्यायली. डबा रिकामा केला. दुसरा मागितला, तोही प्यायली. मग मी प्याले. गोड. तसं गोड पाणी मी पेणलाही प्यायलेली नाही, रोह्यालाही नाही. बाबा अगदी हेच म्हणायचे.

मला नाचावंसं वाटत होतं. मी आईकडे वळले, आता काय म्हणतेस, असं अगदी ओठांवर होतं. पण आई विहिरीच्या काठावर बसली होती आणि हाताने कमरेएवढी उंची दाखवत होती, मला नाही, स्वतःलाच. मग तिने हात वर नेला, डोक्याच्याही वर, पुरुषभर. आणि परत कमरेशी आणला. मला त्या खड्ड्याच्या काठावर उभी असलेली आई दिसली, आणि आत कमरेएवढ्या खड्ड्यात उभे असलेले, ओंजळीत पाणी घेतलेले बाबा.

"हिथंच थांबू म्हनत व्हते," ती म्हणाली. मग मान वर करून, समोर कुणी उभं असल्यासारखी म्हणाली, "जोरान बोलायचं व्हतं तुमी."

त्या बाईला शब्द कळले नसतील. तिने आईच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. थोड्या वेळाने आईने नाक पुसलं आणि विचारलं की रिकामा कॅन कुठे आहे. दोघींनी मिळून तो भरला, एकेक डबा, मध्ये थांबत, पाणी स्थिर होऊ देत. तासभर लागला. मी किनाऱ्यावर जाऊन पोहून यायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

परतल्यावर मी आईला सोडायला गावी गेले. कॅन ओट्यावर ठेवला. शेजारच्या चार-पाच बायका लगेच जमल्या, जहाज कसं होतं, खायला काय होतं. मग त्यांतल्या एकीने कॅनवरची पिवळी चिठ्ठी बघितली आणि विचारलं, "काकी, पानी परत आनलं काय गो?"

आई म्हणाली की हे ते नाही. हे तिथलं. बेटावरच्या बावीचं, गोड.

त्यावर एक जण म्हणालीच, "समिंदरातली बाव!" बायका हसता हसता एकमेकींच्या अंगावर पडल्या. मी आईकडे बघितलं. आता ही त्यांना अशी फोडून काढेल की पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही, असं मला वाटलं. आई म्हणाली, "हाय. गोड हाय." इतकं हळू, की पुढे बसलेल्या बाईने कानाशी हात नेऊन काय म्हणून विचारलं. आईने पुन्हा सांगितलं नाही.

मी उठले. ओट्याच्या कडेला गेले, आई जिथे उभी राहून टँकरची हाक देते तिथे. नऊ वर्षांची असताना जे बोलायला हवं होतं ते बोलायला मला पन्नाशी लागली. "विहीर आहे," मी म्हणाले. "मी स्वतः पाणी प्यायलेय. गोड आहे. माझे बाबा खरं सांगत होते."

माझाही आवाज आईवरच गेलाय हे मला त्या दिवशी कळलं. टोकाच्या आळीतून दोन बायका हंडे घेऊन धावत आल्या आणि विचारायला लागल्या की टँकर कुठाय.